तेल लावून आलेला पैलवान

पुसेगावच्या सोनाजी पैलवानाच्या घरात एक नाव घ्यायला बंदी होती: डोंगरकड्याचा उत्तमसिंग. तीस वर्षांमागं त्यानं भर फडात सोनाजीची पाठ मातीला लावली. तेव्हापासून म्हातारा डोंगरकड्याला जाणाऱ्या जीपमध्ये पाय ठेवत नाही.

आज त्याच घरात दुसरी कुस्ती लागली होती. सून कोमलचं पोरगं दीड महिन्याचं झालेलं. न्यूमोनियाची पहिली सुई आजच द्यायची होती. संगिता सिस्टर लसीचा डबा घेऊन अंगणवाडीत आलेली, ती दोन वाजता निघणार. मग पुढच्या महिन्यापर्यंत बसा. थोरल्या पोरीनं गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियापायी हिंगोलीच्या दवाखान्यात नऊ दिवस नाकात नळी घालून काढले. ते कोमल विसरली नव्हती. म्हातारा सोयीनं विसरला होता.

"माझ्या नातवाला सुई? ह्याच्या मांड्या बघ!" दारातच खाट आडवी टाकून म्हातारा गरजला.

नवरा विश्वंभर मोबाईलात डोकं घालून बसलेला. बापापुढं तोंड उघडायची हिंमत नाही, अन् म्हणे पैलवानाचं पोर.

दीड वाजता सिस्टरच घरी आली.

"पैलवान, काहून अडवून राहिले?"

"घरात जोर हाय. जंतू काय करतो आमचं?"

"जोर हायच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला कव घालून गिळतेत. पण हा जंतू अंगावर साखरेचं बुळबुळीत कातडं घालून येतो. पेशी धरायला गेली की सटकतो. सटकत सटकत फुप्फुसात."

"सटकतो? मंग त्या पेशी कच्च्या."

"मामा," कोमल म्हणाली, "तुमी कच्चे होते का?"

"कोण म्हणतो?"

"मंग उत्तमसिंग कसा सटकला?"

विश्वंभरच्या हातातला मोबाईल खाली पडला. म्हातारा ताडकन उठला.

"तेल लावून आलता हरामखोर! पाठीला, मांडीला, सगळीकडं! कव घातली की मासा! माझ्या जोराचा काय दोष त्यात?"

"मंग उपाय काय होता?"

"माती! मूठभर माती त्याच्या अंगाला चोळू दिली असती, तर दोन मिनिटांत..."

कोमलनं त्याला तिथंच धरलं.

"मंग लेकराला ती माती तुमीच काहून मिळू देऊन न्हाई राहिले?"

सिस्टरनं संधी सोडली नाही. "सुई टोचली की लेकराचं अंगच माती बनवायला शिकतं. जंतू आला की ती त्याला चिकटती. मंग पेशींना पकड भेटती."

आता म्हातारा वस्तादासारखा खाटेवर पुढं सरकला. "अन् दुसरा जंतू दुसरं तेल लावून आला तर?"

"येतो की. शंभर तऱ्हेची तेलं हायेत. ह्या सुईनं दहा-बारांचीच माती बनती, पण लेकरांना जास्त पाडणाऱ्यांची."

"सगळ्यांची बनती म्हणून खोटं बोलली असती तर हाकललं असतं तुला," म्हातारा म्हणाला, अन् खाट बाजूला केली.

हेच कोमल महिनाभर सांगत होती. पण आपल्याकडं बाईचं म्हणणं पटायला पुरुषाला आधी स्वतःचा पराभव आठवावा लागतो. त्याला काय करणार?

अंगणवाडीत नातवाचा पाय म्हाताऱ्यानं स्वतः धरला. सुई टोचली तसं पोरगं असं कोकललं की बाहेरची शेळी दावं तोडून पळाली.

"वा रे पठ्ठ्या!" म्हणत म्हातारा अंगणात गेला, मूठभर माती घेऊन आला, अन् थेट सुईच्या जागेवर चोळायला वाकला.

"ओ पैलवान!" सिस्टर किंचाळली. "माती आत बनती! वरून न्हाई लावायची!"

कोमलनं पोरगं झपकन मागं ओढलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्यानं मुठीकडं बघितलं, माती आपल्याच दंडाला चोळली अन् शड्डू ठोकला.

"पुढची कुस्ती कदी, सिस्टर?"

"दोन महिन्यांनी."

"लिहून दे. अन् हे बघ, डोंगरकड्याला बी तूच जाती का? त्या तेलकट उत्तमसिंगाला नातू झालाय म्हणे. त्याच्या दारात खाट आडवी असली तर मला बोलव."