सोन्याचे थेंब

सिनेमातल्या माणसाने दंडात सुई टोचून घेतली आणि थोड्याच वेळात तो तिजोरीचं कुलूप नुसतं कान लावून उघडू लागला.

साकेत हसला. "आई, बघ, तुझं सुवर्णप्राशन."

"हस तू." सरोजताई नातीला, अंतराला, पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसवत होत्या. "महिन्यातून एकदा, पुष्य नक्षत्राला थेंब देऊन बुद्धी काय वाढणार? आता पहिलीच्या प्रवेशाची मुलाखत आलीय. मी रोज देणार. चालेल ना गं, उत्तरा? तू केमिस्ट्रीवाली."

त्यांची सून उत्तरा डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत पाण्याचे आणि रंगांचे नमुने तपासायची. "चालेल, आई. सोनं पोटात गेलं तसं बाहेर येईल. गुण नाही, अपायही नाही."

बाटलीवर लेबल नव्हतं. भजनी मंडळातल्या कुणीतरी ती आणून दिली होती. उत्तराने ती हातातही घेतली नाही.

अंतराने आ केला.

दिवाळीनंतर तिचं पोट दुखू लागलं. चिडचिड वाढली. बाळकुमच्या नाक्यावरून रिक्षा निघाली की दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचणारी अंतरा आता गप्प बसून राही. मुलाखतीत बाईंनी मांजराचं चित्र दाखवलं. ती खूप वेळ बघत राहिली. "ते... दूध पितं ते."

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. अहवाल वाचून त्यांनी विचारलं, "घरात काही देता का हिला? काढा, गुटी, भस्म?"

दुसऱ्या दिवशी उत्तरा ती बाटली घेऊन कामावर गेली. यंत्राने दाखवलेला आकडा मापाच्या बाहेर गेला, म्हणून तिने नमुना पातळ करून पुन्हा लावला. मग आणखी पातळ करून. सोनं जवळजवळ नव्हतंच. शिसं होतं.

अनोळखी कारखान्याचं सांडपाणी असतं तर तिने वासही न घेता आधी तपासलं असतं.

"शिसं?" सरोजताई खुर्चीत बसल्या. "पण तू चालेल म्हणालीस ना गं?"

"हो."

साकेतने डॉक्टरांना फोनवर एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "औषधाने रक्तातलं शिसं उतरेल. मेंदूचं जे नुकसान झालंय, ते औषधाने भरून येत नाही. पुढचं आपण बघत राहू."

संध्याकाळी उत्तराने औषधाची कॅप्सूल उघडून पूड चमच्यात मधात कालवली. "अंतरा, ये बाळा."

अंतराने चमचा पाहिला. कुणी न सांगता तिने कोपऱ्यातला पाट ओढत आणला. पूर्वेकडे तोंड करून बसली, हात जोडले, डोळे मिटले आणि आ केला.

तेवढं ती विसरली नव्हती.