येतानाची चिठ्ठी

टाकव्याच्या पुढच्या वाडीवर यांच्या जुन्या दोस्ताकडे, हौशीरामभाऊंकडे जायचं ठरलं, तसं यांनी दोन दिवस आधीच फोनवर रस्ता लिहून घेतला. टेम्पो चालवायचे तेव्हापासूनची सवय. जाऊन आलेल्याला विचारायचं, खुणा कागदावर उतरवायच्या, मगच किल्ली हातात.

मुलगा अजीम हसला. "अब्बा, लोकेशन टाकलंय की."

"तुझं लोकेशन डोंगराआड गेलं की मुकं होतं. हौशीरामचा शब्द नाही होत."

आम्ही दोघं आणि अजीमची चार वर्षांची आयरा निघालो. गुरुवारचा माझा रोजा होता. मागं बसून मी चिठ्ठी वाचत होते. वाडीच्या अलीकडे आयराला भूक लागली म्हणून थांबलो. ती दगडावर बसली आणि किंचाळली. तांबडा विंचू.

थोड्याच वेळात तिचे हात गार पडले, कपाळ घामानं भिजलं, उलटी झाली. दवाखाना मागं, कान्ह्याला. यांनी गाडी आल्या वाटेनं फिरवली. फोनला रेंज नाही आणि धुक्यात बोनेटपुढचं दिसेना.

"खतीजा, वाच!"

गिरणी लागली. मी चिठ्ठीत पाहिलं, "गिरणीपासून उजवीकडे."

हे वळले. रस्ता अरुंद होत गेला, मग नुसती चाकोरी. एकदम करकचून ब्रेक. समोर पाणी होतं, धरणाचं, चार हातांवर. मी 'या शाफी, या शाफी' म्हणत बरं करणाऱ्या अल्लाला हाका मारत होते.

गवताचा भारा घेतलेली एक बाई धुक्यातून आली. "कुटं निघाला वो पाण्यात?"

"कान्ह्याला, ताई. पोरीला विंचू चावलाय." मी चिठ्ठी वाचून दाखवली.

"आवं, ही तर येतानाची! जाताना उजव्याचा डावा व्हतो. एवढं शिकल्यालं, येवढं बी कळंना?" तिनं भारा तिथंच टाकला. "मी गंगी. सरका, गिरणीपतुर येते."

गिरणीपाशी तिनं डावीकडे बोट दाखवलं आणि उतरली. "आता खालनं वर वाचा."

पुढचं पुलापाशीचं वळण माझ्या एकटीच्या भरवशावर होतं. कागदावर 'डावीकडे' होतं. मी डोळे मिटले, उघडले. आयराची मान माझ्या दंडावर कलली होती. चुकले तर? "उजवीकडे," मी म्हणाले, आणि यांनी एकदाही मागं वळून विचारलं नाही.

धुक्यातून कान्ह्याचं रेल्वेचं फाटक दिसेपर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही.

डॉक्टरांनी औषध दिलं, सुई टोचली. "रात्रभर इथंच ठेवू. हात गरम होतायत का बघत राहा."

मी तिचा हात दोन्ही हातांत धरून बसले. बऱ्याच वेळानं तो कोमट लागला. ऊब तिची की माझीच, कळेना. मी आणखी घट्ट धरला.

"दादी," आयरा कुरकुरली, "दुखतंय. सोड की."