वाळुंजाची साल

आमच्या घरात लाकडाबद्दल शेवटचा शब्द बाबांच्या जिभेचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच आहे. बाबांनी जन्मभर लाकडाची वखार चालवली. पानांवरून झाड कुणीही ओळखेल, म्हणायचे, पानं गळल्यावर ओळखा, मग मानू. फांदीची साल चाकूने खरवडायची, तुकडा दाढेखाली धरायचा आणि पचकन थुंकून निकाल द्यायचा, ही त्यांची रीत. साल कडूजहर लागली की वाळुंज. वाळुंज म्हणजे ओढ्याकाठी पाण्यात पाय सोडून वाढणारं झाड. ओलं असताना उचलता उचलवत नाही, म्हणून नवखा माणूस हमखास फसतो. ते वजन सगळं पाण्याचं. वाळल्यावर हातात काही लागत नाही. शेगडीत घातलं की भुर्रकन पेटतं, भुर्रकन संपतं, मागे निखारा म्हणून राहत नाही. "त्यापेक्षा रद्दी जाळा," असं बाबा गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायचे. मोतीबिंदूने डोळे अधू झाल्यावर तर सगळी भिस्त जिभेवरच आली. लोक त्यांना 'जीभवाले' म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडे.

गेला हिवाळा संपता संपता वादळात ओढ्याकाठची झाडं आडवी झाली. ज्याला हवी त्याने न्यावीत, असं ठरलं. एकाही फांदीवर पान नव्हतं.

"बाबा, पाण्याकाठची आहेत. वाळुंज तर नसेल?" मी विचारलं.

बाबांनी साल चावली. जरा जास्तच वेळ चावली. "तुती आहे," म्हणाले. "कडू नाही. आणि वजन बघ की!"

वजन बघ म्हणणारे बाबा मला नवीन होते. पण त्यांचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लाकूड घरी आलं. बाबांनी ते फोडून घेतलं, मागच्या छपराखाली भिंतीला लागून स्वतः रचलं आणि मला तिकडे फिरकू दिलं नाही. "तू तुझी शाळेतली पोरं सांभाळ," म्हणाले. रोज सकाळी चहाच्या आधी ते तिकडे जाऊन बसत. म्हाताऱ्याला विरंगुळा मिळाला म्हणून मीच खूश.

यंदा सगळा प्रश्न आईच्या खोलीचा होता. तिची फुप्फुसं पार थकली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "खोली रात्रंदिवस उबदार राहिली तर खुशाल घरी ठेवा. गारठा लागला तर मला त्यांना शहरात हलवावं लागेल, आणि तिथून त्या परत येतील असं मी म्हणणार नाही." आईचं मागणं एकच होतं. "मला माझ्या खाटेवरच जाऊ दे गं. तिथे अनोळखी छताकडे बघत नको." मी तिला शब्द दिला होता. तेवढा एक शब्द पाळायला मी डोळ्यांत तेल घालून बसले होते.

थंडी पडली आणि लाकडाचं पितळ उघडं पडलं. शेगडी गच्च भरून निजावं, तर पहाटे आत नुसती राख. आईचे ओठ निळसर. वीज असून नसल्यासारखी, विजेच्या हीटरचा काय भरवसा! रास बघता बघता खचत चालली. मी वखारीत धावले. वखार आता बाबांच्या जुन्या भागीदाराचा मुलगा बघतो. तो म्हणाला, "ताई, या दिवसांत वाळलेलं लाकूड कुठून आणू? आहे ते ओलं कच्चं. धूर होईल, आणि काकूंना धूर म्हणजे विषच."

परत येऊन मी राशीतलं उरलंसुरलं उपसायला घेतलं. सगळ्यात खालचे, भिंतीकडचे ओंडके ओढले तेव्हा त्यांना कोंब फुटून वाळलेले दिसले. कोंबांना लांब, निमुळती पानं, पाठीकडून पांढुरकी. तोडलेल्या ओंडक्याला अशी पानं फुटतात ती वाळुंजाच्याच, हे बाबांनीच मला लहानपणी शिकवलं होतं. मग वरची लाकडं पाहिली. त्यांच्यावर कोंब नव्हते. जागोजागी नखाने खुडल्याच्या खुणा होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातला एक ओंडका तसाच उचलून मी बाबांच्या पुढ्यात आदळला.

"कोंब फुटले तेव्हापासून तुम्हाला माहीत होतं!"

बाबांनी हाताने ओंडका चाचपला. बोटं कोंबावर थांबली. "दिसत नव्हतं नीट," म्हणाले. "बोटांना लागतील तेवढे खुडले."

"उन्हाळा सगळा पुढे पडला होता, बाबा! दुसरं लाकूड आणलं असतं, वाळवलं असतं. एक शब्द बोलायचा होता!"

"काय बोलू? मागच्या तापापासून जिभेला काही कळत नाही. मीठ कळत नाही, साखर कळत नाही. डोळे गेले, आता जीभही गेली म्हणू? मग मी उरलो कशाला घरात?" मग म्हणाले, "वाटलं, थंडी यंदा कमी पडेल."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. आत आई खोकत होती.

त्यानंतर मी खुर्च्या फोडल्या, फळ्या फोडल्या, पण चार फळ्यांनी हिवाळा सरत नसतो. आईला ताप भरला. डॉक्टर आले, तिच्या पाठीला नळी लावून बघितली आणि माझ्याकडे न पाहता शहरात न्यायला गाडी मागवली.

आईला खुर्चीत बसवून दाराशी आणलं. घरात कुणी तिला काही सांगितलेलं नव्हतं, पण भिंत पातळ होती आणि माझा आवाज मोठा होता. तिने बाबांचा हात धरला.

"लाकूड चांगलं होतं हो," ती म्हणाली. एकेका शब्दाला तिला दम लागत होता. "माझ्याच अंगाला आताशा ऊब धरवत नाही."

मी बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिले. आता तरी बोलतील. निदान आता, निदान तिच्याशी.

"हो," बाबा म्हणाले. "लाकूड चांगलंच होतं."

आईने त्यांचा हात थोपटला आणि गाडीवाल्याला म्हणाली, "चला."