पांढऱ्या दाढ्या घेऊन आलेली डॉक्टर

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर त्या माणसाने एकदा आपलं डोकं तपासून घ्यावं. पण नारीन नदीच्या वरच्या खोऱ्यात एक माणूस स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून असा हसला, की नदी वाहायची थांबली.

बुरुल तेव्हा नवी डॉक्टर होती. राजधानीहून, बिश्केकहून, एक खास शिक्षण घेऊन आली होती: दुखणं बरं होणार नसेल, तर ते रोग्याला कसं सांगावं. वर्गात एक गलेलठ्ठ मास्तर रोगी होऊन खाटेवर पडायचा आणि शिकणाऱ्यांनी त्याला, तू मरणार आहेस, असं सांगायचं. बुरुलने इतकं छान सांगितलं, की मास्तर घरी जाऊन मृत्युपत्र करून आला म्हणतात.

इथे मात्र खाटेवर ओस्मोनाली होता. घोडे पाळणारा. त्याने शीळ घातली की डोंगरापलीकडची शिंगरं दूध प्यायची थांबत. आता त्याच्या यकृतात गाठ होती आणि ती पोटभर पसरली होती.

थोरला मुलगा कुबात दारातच आडवा उभा. "पोटाला सूज आहे, एवढंच सांगायचं. बाकी एक अक्षर काढलंस तर बघ!"

उद्या तो बापाला गाडीत घालून राजधानीला नेणार होता. तिथे पोट कापायला तयार असलेला कोणीतरी डॉक्टर त्याने गाठला होता. बुरुलला दिसत होतं, म्हातारा तिथवर पोचायचा नाही. मागच्या सीटवर, पेट्रोलच्या डब्यांशेजारी त्याचा जीव जाईल, आणि तुम्हाला कुठे जायचंय, हे त्याला कोणी विचारलेलंही नसेल.

"त्यांना विचारा तरी, कुबातदादा."

"बापाला त्याचं मरण सांगणारा मुलगा या खोऱ्यात जन्मला नाही अजून."

ते खरंच होतं. दुसऱ्याचं मरण सांगायची इथे मोठी रीत. गावातल्या दोन पांढऱ्या दाढ्या, म्हणजे वडीलधारे म्हातारे, जातात, खाली बघत बसतात, आधी माणसाच्या पोटात काही पडू देतात, मग बहिरी ससाणा उडाला, घोडा दावं तोडून गेला, असं आडून आडून बोलतात. पण ज्याचं त्यालाच सांगायची रीत कोणी पाडलीच नव्हती.

दवाखान्यात थोरल्या डॉक्टरीणबाई राइकान चहा फुंकत म्हणाल्या, "काय शिकवलं ग तुला तिकडे?"

"एकटीने जाऊ नये. त्याच्या विश्वासाचं माणूस बरोबर न्यावं. आधी सावध करावं, मग सांगावं, मग गप्प बसावं."

"गप्प बसणं कठीण. मला तीस वर्षांत जमलं नाही. आमच्या नवऱ्याला विचार."

विश्वासाचं माणूस म्हणून बुरुलने गावातल्या दोन पांढऱ्या दाढ्याच गाठल्या. कुबात गाडीत पेट्रोल भरायला गेला, तेवढ्यात तिघं आत शिरली. दाढ्या सवयीने खाली बघत बसल्या. एकाने कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, पेला म्हाताऱ्याच्या हातात दिला. बुरुल त्याच्या डोळ्यांसमोर येईल अशी बसली आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "आजोबा, बातमी चांगली नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला. पेला पांघरुणावर सांडला.

"एल्दोस?" तो म्हणाला. एल्दोस धाकटा, मॉस्कोत इमारतींच्या बांधकामावर चढायचा. "पडला का माझा पोर?"

आपण काय करून बसलो ते बुरुलला आत्ता कळलं. पाठ केलेली वाक्यं चिमण्यांसारखी उडून गेली.

"नाही, नाही! एल्दोस बरा आहे. सगळे बरे आहेत!"

"मला फसवतेस? या दोन घुबडांना मी ओळखतो! माझ्या बायकोची बातमी घेऊन हेच आले होते कुरणावर. बोल, कोण गेलं?"

"गेलं नाही कोणी. जाणार आहे."

"कोण?"

"तुम्ही, आजोबा."

मग ती गप्प बसली. शहाणपणाने नव्हे. जीभच हलेना.

"मी?" म्हातारा म्हणाला.

"तुम्ही."

"पोरांपैकी कोणी नाही?"

"कोणी नाही."

"म्हणजे नुसता मीच?"

आणि तो हसला. आधी दाढीतल्या दाढीत, मग खांदे हलवून, मग सगळी खाट हलवून. "अगं पोरी, मग आधी सांगायचं नाही का! जीव घेतलास माझा!" दावणीचे घोडे खिंकाळायला लागले. समोरच्या शिखरावरचा बर्फ सुटला, गडगडत खाली आला, नदीत बसला, आणि नदी थांबली. अशी शांतता त्या खोऱ्याने जन्मात ऐकली नव्हती. बुरुल बघतच राहिली. मोडलेल्या माणसाला सावरायला ती आली होती. समोर तर डोंगर बसला होता, आणि तोच तिचे डोळे पुसत होता.

दारात कुबात. हातातल्या नळीतून पेट्रोल ठिबकतंय. "बाबा..."

"ये असा. गाडीत किती भरलंयस?"

"बिश्केकपर्यंत."

"मग कुरणापर्यंत पुरून उरेल. मला तिथे पुरलेल्या तुझ्या आईशेजारी जायचंय."

कुबात डॉक्टरणीकडे बघत राहिला. तिने मान खाली घातली नाही.

आणि मग काय झालं? म्हाताऱ्याने खिडकीतून शीळ घातली. त्याचा करडा घोडा कुरणावरून तीन डोंगर उतरून आला, उंटासारखा गुडघ्यांवर बसला, म्हातारा टांग टाकून चढला आणि गाडीच्या पुढे, खिंडीवरून, खूर जमिनीला न लावता...

"थापा!" इतका वेळ चुलीपाशी बसून ही गोष्ट ऐकणारा कुबात ओरडला. "साफ थापा! कसला घोडा? खिंडीत गाडी चढेना, तेव्हा मीच पाठीवर घेऊन गेलो त्यांना. शिंगराएवढंही वजन उरलं नव्हतं हो!"