महाराणीची पायघडी

टाचणीला शाळेत शिवणकामात शून्य मार्क पडले होते, आणि तिचे वडील शिंपी होते. या दोन गोष्टी एकाच घरात कशा नांदल्या याचं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. प्रगतिपुस्तक पाहून बाबा एवढंच म्हणाले होते की पोरीने निदान सुई तरी हरवायला नको होती.

पुढे ती बरंच शिकली आणि एका प्रयोगशाळेत प्राण्यांचे जीनोम वाचायला लागली. जीनोम म्हणजे त्या प्राण्याच्या घडणीच्या सगळ्या सूचना, कुठे काय येणार, किती येणार आणि कशाला काय जोडायचं, असं तिने घरी समजावून सांगितलं. "म्हणजे कटिंगचा कागद," बाबा म्हणाले आणि विषय त्यांच्यापुरता संपला. त्या दिवसापासून दुकानात माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला, पोट आत ओढलेल्या अवस्थेत, ऐकून घ्यावं लागे की आमची टाचणी सध्या गोगलगायीचा कटिंगचा कागद वाचतेय. पोट आत असल्यामुळे उलट प्रश्न कुणी विचारत नसे.

गोगलगाय मात्र साधी नव्हती. पाण्याची एक जुनी टाकी पाडताना ती भिंतीवर सापडली. तिच्या जातीची दुसरी कुणी नंतर कुणालाच दिसली नाही. प्रयोगशाळेत तिला सगळे महाराणी म्हणत. तिला स्वतंत्र काचपेटी होती, स्वतंत्र दमटपणा होता, आणि टाचणीच्या खिडकीपेक्षा मोठी खिडकी होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम एरवी शिस्तीच्या कडक, पण महाराणीच्या खोलीत त्याही चपला हळू वाजवत.

डीएनए मिळवायला एरवी प्राण्याचा एखादा कपचा काढतात. इथे कपचा काढायची कुणाची छाती नव्हती. जगात एकच शिल्लक असलेल्या जीवाला कात्री लावणारा माणूस म्हणून प्रसिद्ध व्हायची हौस कुणाला असणार? मग ठरलं की महाराणी चालते तेव्हा मागे जो चिकट माग सोडते, त्यातूनच तिचा डीएनए काढायचा. तिने फक्त चालायचं. पण तिने चालायला नकार दिला. काचेवर ती चिकटून बसली. कागद अंथरला तर तिने तो खाल्ला. औषधांच्या दुकानातली बँडेजची जाळी अंथरली तर तिचे धागे अंगाला चिकटले आणि महाराणी दिवसभर फकिरासारखी दिसत राहिली. शेवटी टाचणीने स्वतः मऊ सुती कापडाची एक पट्टी शिवली. ती पाहून महाराणी शंखात गेली ती दुसऱ्या दिवशीच बाहेर आली. शाळेतल्या बाईंनी मार्क बरोबर दिले होते.

मग पट्टी बाबांनी शिवली. मशीनला हात न लावता, सगळी हातशिलाई. कडा इतकी बारीक दुमडलेली की बोटाला लागू नये. टाचणी दुकानात उभं राहून सांगत होती की बाबा, ही राणीची पायघडी आहे, टाके नीट घाला. बाबांच्या तोंडात दोरा होता, म्हणून त्यांनी नुसतं "हं" केलं. प्रयोगशाळेत नेऊन टाचणीने ती पट्टी वाफेच्या यंत्रात चांगली उकडून निर्जंतुक केली. आणि महाराणी त्या पायघडीवरून अशी चालली की डुलकीनेही डोळे उघडले. डुलकी म्हणजे सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनए वाचायचं, मशीन सांभाळणारा सहकारी. मशीन चालू झालं की त्याला काही काम नसे, त्यावरून नाव पडलं होतं.

मशीन जीनोम अखंड वाचत नाही. डीएनएचे असंख्य तुकडे वाचतं, आणि मग ते जुळवत बसणं हे टाचणीचं काम. तिने ते जुळवले. कित्येक आठवडे ती घरी जेवतानाही बोटांनी हवेत काहीतरी जोडत असे, आणि आई शेजारणीला सांगत असे की काळजी नको, पगार वेळेवर येतो. शेवटी जुळलं. अख्खी महाराणी टाचणीच्या पडद्यावर उभी राहिली. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव टाचणीचं टाकायचं असं मॅडमनी ठरवलं. पहिलं नाव म्हणजे काम ज्याचं त्याचं. बाबांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी तीन गिऱ्हाइकांच्या बाह्या लांब कापल्या.

फक्त एक भानगड होती. तुकड्यांत थोडे तुकडे गोगलगायीचे नव्हते. ते माणसाचे होते.

यात तसं नवल नाही. कुणीतरी शिंकतो, कुणाचा केस पडतो, आणि नमुन्यात भेसळ होते. म्हणूनच प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाच्या डीएनएची नोंद आधीपासून ठेवलेली असते. चोर घरातला असेल तर लगेच सापडावा. मॅडमनी एकेकाची नोंद लावून पाहिली. हे तुकडे याचे का? नाही. हिचे का? नाही. डुलकीवर सगळ्यांचाच संशय होता, पण तोही निर्दोष सुटला. तो थोडा नाराज दिसला.

माणूस कोणीच नाही, मग माणसाचा डीएनए आला कुठून? मॅडमनी पुष्कळ विचार केला, आणि फार हुशार माणूस पुष्कळ विचार करतो तेव्हा जे होतं तेच झालं. त्यांना वाटलं, तो गोगलगायीतच आहे. टाकीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या माणसं वापरत होती, ही जात त्याच भिंतीवर वाढली, आणि कधीतरी माणसाची जनुकं उडी मारून तिच्यात शिरली. जंतूंमध्ये अशा उड्या होतात. माणसाकडून गोगलगायीत झाली तर जगातली पहिलीच. मॅडमनी निबंधाला नवं शीर्षक दिलं, मोठ्या सभेत तो वाचायची तारीख घेतली, आणि आरशासमोर भाषणाचा सराव सुरू केला. सभेत टाचणीनेही शेजारी उभं राहायचं होतं.

टाचणीला मात्र एक गोष्ट डाचत होती. माणसाची जनुकं खरंच गोगलगायीत शिवली गेली असतील, तर कुठेतरी शिवण दिसायला हवी. म्हणजे एखादा तरी तुकडा असा, जो अर्धा गोगलगायीचा आणि अर्धा माणसाचा. तिने सगळे तुकडे पालथे घातले. शिवण कुठेच नव्हती. मॅडम म्हणाल्या, सापडेल, बारीक असेल.

सभेसाठी बाबा तिला कोट शिवत होते. दुकान बंद करायच्या सुमारास ती मापाला गेली. बाबांनी तिला आरशापुढे उभं केलं, बाहीला टाके घालायला दोऱ्याचं टोक तोडलं, ओठांत धरलं, जिभेने ओलं केलं, दोन बोटांत पिळलं आणि सुईत ओवलं. जन्मल्यापासून तिने हे इतक्यांदा पाहिलं होतं की ते दिसणंच बंद झालं होतं. आज ते दिसलं. दर वितीला नवा दोरा, दर दोऱ्याला नवी थुंकी.

"हलू नकोस," बाबा म्हणाले.

टाचणी हलत नव्हती. तिला पायघडी आठवली होती. वाफेने जंतू मरतात, पण डीएनए नाहीसा होत नाही; त्याच्या फक्त चिंध्या होतात. हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी तिने पट्टी निर्जंतुक केली, आणि निर्जंतुक म्हणजे स्वच्छ असं ती धरून चालली. मॅडमसुद्धा पायघडीवर येणाऱ्या माणसांना तपासत बसल्या. पायघडी शिवणाऱ्याचा विचार कुणीच केला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सकाळी तिने महाराणीचे तुकडे आणि माणसाचे तुकडे शेजारीशेजारी ठेवले. महाराणीचे लांबलचक, धडधाकट. माणसाचे सगळे तोकडे, उकडून फाटलेले. माणूस पुरुष होता. मग तिने स्वतःची नोंद काढली. मॅडमनी मशीनला विचारलं होतं, हे तुकडे हिचे का? टाचणीने विचारलं, हा माणूस हिचा कोण?

मशीनने थोडा वेळ घेतला आणि सांगितलं की बरोबर अर्धं जुळतंय. बाप.

पडद्याकडे बघून तिला आधी हसू आलं. एवढ्या चिंध्यांतून तिने घरचा माणूस ओळखला होता. मग तिला सभा आठवली, आणि कागदावरचं पहिलं नाव. चूक तिच्या पट्टीची, म्हणजे तिचीच. आपण होऊन सांगायचं, म्हणजे नाव आपण होऊन खोडायचं. डुलकीने खांद्यावरून पडदा पाहिला आणि सल्ला दिला की गप्प बस, जगात इतकी खोटी माणसं आहेत, एक खोटी गोगलगाय खपून जाईल. वरून एवढंही म्हणाला, "तुझ्या बाबांना विचार. गोगलगायीत असायला ते तयार असतील."

ते तयार असते, हे टाचणीला माहीत होतं. म्हणूनच तिने विचारलं नाही. या गोगलगायीचा कागद जगात एकदाच वाचला जाणार होता, आणि तो तिने वाचला होता. त्यात दुसऱ्या कुणाची बाही चिकटवून द्यायची तिची तयारी नव्हती, मग ती बाही बापाची का असेना.

ती मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. शिवण नाही, चिंध्या आहेत, वाफ, थुंकी, बाप. मॅडमनी तिला सगळं दोनदा दाखवायला लावलं. मग त्यांनी भाषणाचे कागद खणात टाकले आणि परत बाहेर काढले. भाषण त्यांचं पाठ झालं होतं. ते आता कुठे ठेवायचं हा प्रश्न असावा. शेवटी त्यांनी निबंधाचा कागद पुढे ओढला. पेन उघडलं. टाचणीने मान खाली घातली.

मॅडमनी शीर्षकातला अर्धा भाग खोडला. खालच्या नावांकडे पेन गेलं, पहिल्या नावावर थांबलं, आणि तिथलं स्पेलिंग चुकलं होतं ते त्यांनी दुरुस्त केलं.

"जगासमोर माझं हसं व्हायचं होतं, ते इथल्या इथे झालं," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या नुसत्या सांगण्यावर मी सभेत काही बोलणार नाही. मला पक्का पुरावा हवा. नवी पट्टी, नवा नमुना, आणि माणूस शून्य. शून्य आलं तर नाव राहील. पट्टी कोण शिवणार?"

टाचणी म्हणाली, मी शिवते. मॅडमना तिची जुनी पट्टी आठवली, आणि महाराणीचा शंख.

"शिंप्याला बोलाव," त्या म्हणाल्या.

घरी टाचणीने झालेला प्रकार सांगितला. आई हसून हसून खाली बसली. बाबा हसले नाहीत. आपल्या थुंकीने पोरीच्या कामाला डाग लागला, हे त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी एकच विचारलं.

"थुंकी न लावता ओवायचं म्हणतेस?"

"हो, बाबा."

"मी आजवर ओवलेलं नाही."

आईने सुचवलं की ती तारेची ओवणी मिळते ना, ती घ्या. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्यांना कुबडी सुचवली होती.

ते प्रयोगशाळेत आले तेव्हा लग्नाला जावं तसे कपडे घालून आले होते, आणि ते सगळे पांढऱ्या झग्याखाली गेले. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, दोन हातांत दोन थरांचे हातमोजे. कापड, दोरा, सुई सगळं टाचणीने आधी डीएनए नष्ट करणाऱ्या दिव्याखाली आणि द्रावणात घालून ठेवलं होतं. या वेळी नुसत्या वाफेवर तिचा विश्वास नव्हता. काचेच्या कपाटात हात घालून बाबा बसले. दोऱ्याचं टोक पिंजारलेलं, हातमोजे बुळबुळीत, आणि चाळिशी मास्कच्या वाफेने धूसर. सवयीने त्यांनी दोरा तोंडाकडे नेला, तो काचेला आपटला. परत नेला, परत आपटला. बाहेर मॅडम, टाचणी आणि चक्क जागा डुलकी उभे. कुणी श्वास सोडत नव्हतं. नियमही तसाच होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मध्येच टाचणीने मागून हळूच सांगितलं, "बाबा, तिरपं कापून बघा." बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. शिवणकामात शून्यवाली आपल्याला शिकवतेय, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी दोरा तिरपा कापला, डोळे मिटले, आणि बोटांना जे येत होतं ते बोटांवर सोडलं. दोरा सुईतून गेला. मास्कच्या आतून ते काहीतरी बोलले. ते काय होतं हे त्यांनी नंतरही सांगितलं नाही, पण आईने ओळखलं, आणि म्हणाली की ते छापण्यासारखं नसणार.

महाराणी नव्या पायघडीवरून आधीपेक्षा जास्त तोऱ्यात चालली. डुलकीने मशीन लावलं आणि सवय मोडून जागा राहिला. टाचणीने तुकडे जुळवले. गोगलगाय पहिल्यापासून शेवटपर्यंत गोगलगायच निघाली. निकालाच्या कागदावर खाली एक ओळ होती: मानवी अंश, शून्य.

सभेत मॅडमनी टाचणीला एकटीला बोलू दिलं. कोट अंगाला असा बसला होता की दोन प्राध्यापकांनी जीनोमबद्दल विचारलं आणि तिसऱ्याने शिंपी कुठला ते विचारलं.

निकालाची एक प्रत बाबांनी मागून घेतली आणि दुकानातल्या आरशाशेजारी डकवली. नजर सहज जाईल अशा उंचीवर, मोठ्या अक्षरांत फक्त शेवटची ओळ. नवी गिऱ्हाइकं ती वाचतात आणि मजुरीत घासाघीस करायचं सोडून देतात. जुन्यांपैकी कुणी विचारलंच तर बाबा टेप गळ्यात टाकून, हातातलं काम थांबवून सांगतात की हे शून्य आमच्या टाचणीला पडलंय.

आईचं म्हणणं, अर्धं यांचंही आहे. बरोबर अर्धं, मशीनने सांगितलंय.