बोट ओलं करण्याआधी

मुकुट डोक्यावर नीट बसत नव्हता, म्हणून पुरिंगने मान ताठ धरली होती. समोर चार म्हाताऱ्या, पायांत रबरी सपाता, हातांत फुलांच्या डहाळ्या, तिला दीर्घायुष्य चिंतणारं गाणं म्हणत पुढे-मागे नाचत होत्या. गाणं संपत आलं असं वाटलं की त्यांतली एखादी नवं कडवं काढायची. पुरिंगच्या मांडीवर तिची कातडी बॅग होती आणि बॅगेत बासष्ट प्रश्नांचा तपासणीचा फॉर्म. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिला सगळीकडे कॉफी मिळाली होती, दोन गावांत कुत्रं चावलं होतं. मुकुट मात्र कुणी घातला नव्हता.

"मॅम, थोडं हसा की," शेजारी उभी असलेली मारिविक कुजबुजली. "तुम्ही हसला नाहीत तर त्यांना वाटतं, पाहुणी अजून खूश झाली नाही. मग पुन्हा पहिल्यापासून."

पुरिंग हसली. गाणं लगेच संपलं.

मारिविक या गावची सुईण. सरकारी, शिकलेली, पण हंगामी. सहा वर्षं दर जानेवारीत तिला नवा कागद यायचा आणि डिसेंबरात संपायचा. आता तिला कायम करायचं की नाही, हे ठरवायला मनिलाहून पुरिंग आली होती. फॉर्ममध्ये एक जरी 'नाही' पडलं तरी फाइल गठ्ठ्याच्या तळाशी जाते आणि तिथून वर यायला किती वर्षं लागतील ते कुणी सांगू शकत नाही. हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हणूनच मारिविकच्या पांढऱ्या अंगरख्याला अशी इस्त्री होती की घडीवर बोट ठेवलं तर कापेल.

आरोग्य केंद्र "हे काय, इथंच" होतं. मारिंदुके बेटावरचं 'इथंच' चढणीचं, पाऊण तासाचं निघालं. पुरिंग घामाने निथळत पोचली आणि बसायच्या आधी कामाला लागली. लशींच्या फ्रिजचं तापमान पाहिलं. नोंदवही उलटीकडून वाचली, कारण खोटं नेहमी शेवटच्या पानांवर घाईत लिहिलेलं असतं. कपाटाच्या वरून बोट फिरवलं. बोट स्वच्छच राहिलं, तेव्हा ती जराशी हिरमुसली.

मग आयांसमोर भाषण. तीसेक बाया, प्रत्येकीच्या कडेवर एक, पायाशी एक.

"हात साबणाने धुवायचे. वीस आकडे मोजून. परक्या माणसाला बाळाचा पापा घेऊ द्यायचा नाही. आणि ते उसोग वगैरे आता पुरे," पुरिंगने चष्म्यावरून पाहिलं. "कुणी परक्याने बाळाचं कौतुक केलं, बाळाला दृष्ट लागली, मग त्याच परक्याला धरून आणा आणि त्याची थुंकी बाळाच्या पोटाला लावा. किती घाण ही! थुंकीतून काय काय पसरतं, ठाऊक आहे?"

बायांनी एकदम माना डोलावल्या. पुरिंगला अनुभव होता. एवढ्या एकमताने मान डोलली की समजावं, कुणाला काही पटलेलं नाही. मारिविक भिंतीपाशी उभी होती. तिने मान डोलावली नाही, खाली पाहिलं.

जेवण मारिविकच्याच घरी होतं. भात, नारळाच्या दुधात शिजवलेली नेच्याची भाजी, सुकी मासळी. मारिविकची सासू सिद्रा, सगळ्यांची लोला म्हणजे आजी, नातवाला मांडीवर घेऊन दारात बसली होती. सकाळच्या चार नाचणाऱ्यांत सगळ्यात लांबलचक कडवी हिचीच होती.

"नाव काय बाळाचं?" पुरिंगने विचारलं.

"रोमार," लोला म्हणाली. "बाप रोदांते, त्यातला रो. आई मारिविक, तिचा मार."

"छान."

"उरलेलं टाकून द्यायचं नाही. पुढचा झाला की दांतेविक."

"आई!" मारिविक स्वयंपाकघरातून ओरडली. "पुढचा नाहीये!"

"नाव तयार आहे म्हणते मी. पोराचं तुम्ही बघा."

पुरिंगला खुदकन हसू आलं. त्या हसण्यातच ती वाकली, पाच महिन्यांच्या रोमारच्या मांडीच्या वळ्या पाहिल्या आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, केवढा गोंडस हा! लोण्याचा गोळा नुसता!"

लोलाचा पंखा हातातच थांबला. मारिविकने भाताचा डाव भांड्याच्या काठावर ठेवला. दोघी वाट पाहत होत्या. दोनच शब्द असतात, 'पुएरा उसोग'. कौतुक करणाऱ्याने स्वतः म्हणायचे, की दृष्टीतलं विष निघून जातं. पुरिंगची आई मनिलात भाजीवाल्याच्या पोरालाही हे म्हटल्याशिवाय पुढे सरकत नसे. शब्द पुरिंगच्या जिभेच्या टोकावर आले होते. पण तासाभरापूर्वी तीस बायांसमोर ती काय बोलली होती!

तिने मासळीचा तुकडा तोंडात टाकला. "मीठ अगदी बेताचं आहे," ती म्हणाली.

लोला सिद्राने बाळाचं झबलं खाली ओढलं आणि पोट झाकलं.

दोन वाजता पुरिंग निघाली. चारच्या बोटीने बेट सोडायचं होतं. एकसष्ट उत्तरं लिहून झाली होती, सगळी चांगली. बासष्टावं तिने नेहमीसारखं मोकळं ठेवलं होतं. ते ती बोटीत एकटी असताना भरत असे. 'सेविका लोकांना हानिकारक समजुतींपासून परावृत्त करते का?' शेजारी दोन चौकोन, एक 'हो'चा, एक 'नाही'चा.

बेर्तिंग नावाच्या माणसाची तीनचाकी होती. वीस मिनिटं झाली असतील, त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने चालवता चालवता संदेश वाचला आणि काही न बोलता, नारळाच्या दोन झाडांमधून गाडी वळवली.

"अहो, बंदर तिकडे आहे ना?"

"हो मॅम."

"मग?"

"बाळ रडतंय, मॅम."

"मग सुईणीला दाखवा!"

"सुईण आईच आहे त्याची." बेर्तिंगने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही त्याला लोण्याचा गोळा म्हणालात म्हणे."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी," बेर्तिंग म्हणाला.

परतीच्या वाटेवर दर वळणावर माणसं उभी होती. कुणी तिला दोष देत नव्हतं. एका बाईने तर केळ्यांचा फणा धावत्या गाडीत ठेवला. पण 'हीच ती' हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं. मनातल्या मनात पुरिंग लोला सिद्रासाठी वाक्यं जुळवत होती. आजीबाई, तुमचा मान राखून सांगते. आजीबाई, ही बोट चुकली तर पुढची थेट साडेपाचला.

रोमारचं रडणं अंगणातूनच ऐकू आलं. पोर लालबुंद झालं होतं, मुठी आवळलेल्या. लोला कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती.

"लोला, हे बोलावणं पाठवायचं म्हणजे..." पुरिंगने सुरुवात केली.

"मी नाही पाठवलं," लोला म्हणाली. "मी तर म्हटलं, राहू दे, बाईंच्या हातात तुझी नोकरी आहे. ऐकेल तर शपथ."

"मी बोलावलं, मॅम," मारिविक म्हणाली.

तिच्या इस्त्रीच्या अंगरख्यावर खांद्यापासून खाली दूध ओकलेलं होतं. आवाज मात्र सरळ होता, रुग्णाची माहिती सांगतात तसा. "ताप नाही. दोनदा पाहिला. कान ठीक. पोट मऊ आहे, कुठं दाबलं तरी जास्त रडत नाही. हर्निया नाही. अंगावर केस, दोरा, मुंगी, काही नाही. दूध घेत नाही, शू झाली आहे. तासाभराने असाच राहिला तर गाडी सांगून ठेवली आहे, बोआकच्या इस्पितळात नेणार." ती थांबली. "मधे हा एक तास आहे. त्यात करण्यासारखं एवढंच उरलंय."

पुरिंगची नजर हातातल्या बॅगेकडे गेली.

"बासष्टावा प्रश्न मला पाठ आहे, मॅम. तिथं जे लिहायचं ते लिहा." आता कुठे तिचा आवाज हलला. "आधी बोट ओलं करा."

पुरिंगने बॅग खाली ठेवली. मोरीपाशी गेली, बाह्या वर केल्या, साबण घेतला. सगळं घर तिची पाठ बघत होतं. तिने मोठ्याने वीस आकडे मोजले. एकही गाळला नाही. चूळ भरली, पुन्हा भरली. मग परत येऊन, शाळेतली पोर चोरून जाम चाखते तसं, अंगठा जिभेला लावला आणि रोमारच्या बेंबीजवळ लहानसा क्रूस काढला.

"पुएरा उसोग," ती म्हणाली. इतकं हळू, की लोलाने, "ऐकू आलं नाही," असं सांगून ते पुन्हा म्हणायला लावलं.

रोमार रडतच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. मग त्याने पाय पोटाशी घेतले आणि घरभर ऐकू जाईल असा वारा सोडला. दचकून गप्प झाला. छताकडे पाहू लागला.

"गॅस होता," पुरिंग म्हणाली.

"गॅसच होता," लोलाने मान्य केलं. "पण काढला कुणी?"

पुरिंगने अंगठा रुमालाला पुसला. तेवढ्यात लोलाने तिचा ब्लाऊज मागितला. पाहुणीच्या घामाचं कापड रात्रभर बाळाखाली असलं की उरलंसुरलं निघून जातं. इथपर्यंत आल्यावर ब्लाऊजसाठी काय हुज्जत घालायची? मारिविकचा धुतलेला, खिशावर तिचं नाव शिवलेला दुसरा अंगरखा घालून पुरिंग पुन्हा तीनचाकीत बसली. मारिविक गाडीपर्यंत आली. तिने फॉर्मबद्दल विचारलं नाही, पुरिंगने सांगितलं नाही. केळी तेवढी दोघींनी वाटून घेतली.

साडेपाचच्या बोटीत गर्दी नव्हती. पुरिंगने फॉर्म मांडीवर उघडला, पेनाचं टोपण काढलं. सव्वीस वर्षांत तिने एकही खोटी खूण केली नव्हती. कार्यालयात तिला 'पुरिंग पट्टी' म्हणत, हे तिला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पेन कधी एका चौकोनावर जाई, कधी दुसऱ्यावर.

"ताई, तुम्ही नर्स आहात ना?"

समोर एक तरुण आई उभी होती. नजर पुरिंगच्या अंगरख्यावर, छातीशी रडणारी मुलगी. "बोट सुटल्यापासून थांबत नाहीये हो."

मी नर्स नाही, असं सांगायला पुरिंगने तोंड उघडलं. पण मुलगी तोवर तिच्या मांडीवर आली होती, फॉर्मवरच. पुरिंगने तिचं कपाळ हाताने चाचपलं, मग मान. कानामागे हलकेच दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. बोटं, केस, दोरा, मुंगी. काही नाही. आई तिच्या तोंडाकडे बघत होती. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इस्पितळाला अजून अडीच तास होते.

पुरिंगने चष्मा सारखा केला, इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "बंदरावर हिचं कुणी कौतुक केलं होतं का?"

आईने बोट दाखवलं नाही. नुसते ओठ पुढे काढून समोरच्या बाकाकडे इशारा केला. तिथं एक म्हातारा शेंगदाणे खात बसला होता. तो ओशाळला.

"मी आपलं सहज म्हटलं हो," तो म्हणाला, "गालावर खळी बघून."

"असू दे, काका," पुरिंग म्हणाली. "आधी हात धुवून या. साबणाने. मोजून वीस."

म्हातारा तळव्यावरची सालं झटकत निमूट उठला. तो नळाशी मोठ्याने आकडे मोजत होता तोवर पुरिंगने मुलीच्या पाठीखालून फॉर्म ओढून घेतला. कागद थोडा ओला झाला होता. शेऱ्याच्या जागी तिने लिहिलं: 'आधी सर्व तपासणी करते. मी समोर होते.' मग 'हो'च्या चौकोनात खूण केली, सही ठोकली आणि मुलीच्या झबल्याची नाडी सोडून ठेवली.