आतून उघडायचं दार

घरामागच्या शेडमध्ये गाडी मावायची एकच, आणि घरात गाड्या झाल्या होत्या दोन. एक घड्याळजींची जुनी, पिस्ता रंगाची, लांबलचक. दुसरी लेकीची नवी कोरी, लाल, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकून बसलेली. लेक नोकरी बदलून घरी राहायला आली होती आणि लाल गाडीला ऊन लागू द्यायला तयार नव्हती. जुनीसाठी गिऱ्हाईकही तिनंच बघून ठेवलं होतं. घड्याळजी परवापासून तोंड फुगवून बसले होते. शेवटी त्यांनी सगळं बायकोवर सोपवलं. तिनं दोन्ही गाड्यांतून तळ्यापर्यंत जाऊन यावं. ती म्हणेल ती गाडी शेडमध्ये, दुसरी बाहेर.

आधी लाल, लेक चालवायला. आत शिरता शिरताच बाई ओरडल्या, "अगं, ही गाडी आहे की घसरगुंडी?" पण परत आल्या त्या केस विस्कटलेल्या, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं. "अहो, काय पळते हो! मला पुन्हा जायचंय!"

गेलीच आता आपली, घड्याळजींना वाटलं.

जुनी गाडी सुरू होताना तीनदा खोकली. "चहा पाजा तिला, बाबा," लेक म्हणाली.

बाई नेहमीसारख्या पलीकडच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. ते दार बाहेरून उघडत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. घड्याळजींनी सीटवर आडवं होऊन ते आतून उघडायचं. किती भांडणं त्या दाराशी मिटली होती! माफी मागायला त्यांची जीभ कधी रेटली नाही. ते आडवे व्हायचे, दार उघडायचं, ती बसायची, विषय संपायचा. म्हणून तर दाराची मूठ गुपचूप दुरुस्त केल्यावर त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

आज मात्र कंबरेत उसण भरली आणि हात अर्ध्यावरच अडला. लेक वैतागून पुढे आली आणि तिनं बाहेरूनच मूठ ओढली. दार अलगद उघडलं.

"बाबा! हे कधी दुरुस्त केलंत?"

"तू दुसरीत होतीस," घड्याळजी पुटपुटले. बायकोकडे बघायची त्यांची हिंमत होईना. इतकी वर्षं तिला उन्हात ताटकळत ठेवलं होतं.

"आणि तू तिसरीत असताना मला कळलं," बाई शांतपणे लेकीला म्हणाल्या. "तुला ताप होता, मागच्या सीटवर झोपली होतीस. हे दुकानात औषध आणायला गेलेले. मी जरा उतरले आणि दार मागे लागलं. घाबरून ओढलं, तर उघडलं की!"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर हे आडवे झाले असते का?"

लेक लाल गाडीची किल्ली खिशात टाकत म्हणाली, "बाबा, गाडीवर घालायचं कव्हर कुठं चांगलं मिळतं?"

बाईंनी दार धाडकन लावलं आणि पुन्हा बाहेरच उभ्या राहिल्या.

"चला, उघडा आता. परवापासून माझ्याशी धड बोलला नाहीत, त्याचं काय?"

घड्याळजी कंबर धरून पुन्हा आडवे झाले. या वेळी हात पोचला.